नळीला नाक लावणारे तोंतों

गाडी अंगणात आली की तोंतों मालकाकडे बघायचेच नाहीत. बॉनेट उघडायचे, इंजिनाच्या वरच्या झाकणातून एअर फिल्टरकडे जाणारी जाड रबरी नळी उपसायचे आणि डोळे मिटून नाकाला लावायचे. मालक आपला सांगत असायचा, धूर कधीपासून येतो, चढावर गाडी कशी दम टाकते, आधीचा मेकॅनिक काय म्हणाला. तोंतों एक हात वर करून त्याला थांबवायचे. "थांब रे जरा. आधी ही काय म्हणते ते बघू. तू तर दिवसभर बोलणारच आहेस." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही त्यांनी असंच गप्प केलं. मला कोणी गप्प केलेलं खपत नाही. मी बॉनेट आपटून परत निघणार होतो, पण नळी त्यांच्या हातात होती आणि नळीशिवाय गाडी नेता येत नव्हती.

सगळं सें पिएर गाव त्यांना तोंतों तियो म्हणायचं. आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत तोंतों म्हणजे काका आणि तियो म्हणजे नळी. कागदोपत्री नाव रघुनाथ होतं, पण ते नाव घेऊन कोणी पत्ता विचारला असता तर गावात एकानेही सांगितला नसता. बुटके, काटकुळे, एक खांदा जरा खाली. मूळचे उत्तरेकडच्या पितों गावचे. तिथल्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपात पंपांची इंजिनं दुरुस्त करता करता शिकलेले. कारखान्यातल्या जुन्या फ्रेंच फोरमनकडून त्यांनी त्या नळीचं नाव उचललं होतं, रनिफ्लार, म्हणजे नाक ओढणारी. त्यांची मराठी मात्र पणजोबांच्या बोटीतून आलेली, अर्धी कोकणातली आणि अर्धी रस्त्यावरच्या क्रिओलची. मी संध्याकाळच्या बैठकेत, म्हणजे गावच्या शिकवणीत, पुस्तकाची मराठी शिकलो होतो, म्हणून सुरुवातीला त्यांचं बोलणं सुधारायला जायचो. ते म्हणायचे, "तुझी मराठी इस्त्रीची. लग्नाला घाल. माझी रोजची हाय."

त्यांचं सगळं शास्त्र श्वासाचं होतं. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा थोडी वाफ, थोडा धूर पिस्टनच्या बाजूने खाली निसटतोच, नव्या इंजिनातही. तो कोंडून राहिला तर तेलाला बाहेर ढकलतो. म्हणून ही श्वासाची नळी. ती तो धूर फिल्टरच्या डब्यात नेते, तिथून कार्ब्युरेटर तो ओढून घेतो आणि पुन्हा जाळतो. दुसऱ्या बारीक नळ्या ओढीच्या, व्हॅक्यूमच्या. त्यातली एक ब्रेककडे जाते. या नळ्यांत तेल सापडलं की इतर मेकॅनिक लगेच मान हलवायचे आणि इंजिन खाली उतरवायची भाषा करायचे. तोंतोंना त्याचा राग यायचा. "नळीला दोन तोंडं," ते म्हणायचे. "एक इंजिनाकडे, एक आपल्याकडे. हे लोक फक्त आपल्याकडचं तोंड बघतात."

त्यांच्या तपासण्या बघायला मजा यायची. इंजिन चालू ठेवून ते तेल ओतायच्या भोकाचं झाकण काढायचे आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवायचे. झाकण थडथड नाचायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. गुमान बसून राहिलं तर इंजिन ठीक. मग ओढीची नळी काढून तिच्या तोंडावर अंगठा ठेवायचे. ओढ एकसारखी लागते की धडधडते, ते अंगठ्यालाच कळायचं. शेवटी तारेला पांढरं फडकं गुंडाळून नळीच्या आतून फिरवायचे आणि फडकं उन्हात धरून रंग बघायचे. काळा, पिवळा की दुधी. एवढं झाल्यावर मालकाकडे वळून म्हणायचे, "हं. आता बोल."

एकदा क्यूरपीपचे एक सरकारी नोकरीतले गृहस्थ आले होते. चेहरा उतरलेला. तिकडच्या मेकॅनिकने झाकणाखाली आणि नळीत साचलेली दुधी साय दाखवून सांगितलं होतं की इंजिनात पाणी शिरलंय, हेड फाटलंय. तोंतोंनी रेडिएटरचं पाणी बघितलं, ते भरलेलं. तेल बघितलं, ते स्वच्छ. मग विचारलं, "गाडी कुठं कुठं जाते?" गृहस्थ म्हणाले, घर ते ऑफिस. ऑफिस चालत दहा मिनिटांवर. क्यूरपीपला बारा महिने पाऊस आणि धुकं, इंजिन तापायच्या आधीच बंद होणार, मग आतली वाफ आतच थिजणार. तोंतोंनी नळी रॉकेलने धुऊन परत लावली. "साहेब, हिला दर रविवारी समुद्र दाखवा. आणि ऑफिसला चालत जा, तुम्हाला पण वाफ धरलीय." गृहस्थ पोटावर हात ठेवून हसले. पुढे ते खरंच दर रविवारी माएबूर्गच्या किनाऱ्याला जायला लागले, आणि येताना तोंतोंसाठी मासळी आणायचे.

तोंतोंनी हाताखाली कधी कोणाला ठेवलं नाही. ज्याची गाडी त्यानेच दिवा धरायचा, पाना द्यायचा, नळी पिळायची. "गाडी तुझी, मग माझेच हात काळे कशाला?" मी भाव करणारा माणूस. चौदाव्या वर्षी सायकलवर भाजीच्या जुड्या विकायला लागलो तेव्हापासून आजपर्यंत सांगितलेल्या भावात मी एक वस्तू घेतलेली नाही. मी म्हटलं, "मी काम करतो तर मजुरी कमी करा." ते म्हणाले, "कमी करतो. पण मग शिकवणी लावतो. बघ, कुठलं स्वस्त पडतं." अशा वेळी माझं डोकं तापायचं. त्यांच्याशी भांडताना एक अडचण होती, ते आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळे आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायचा.

धुतलेल्या नळ्या ते अंगणातल्या दोरीवर वाळत टाकायचे, तांतीनच्या साड्यांच्या शेजारी. तांतीन म्हणजे त्यांची बायको. ती रोज ओरडायची, "माझ्या लुगड्याला रॉकेलचा वास येतो. बायका विचारतात, तू नवऱ्याबरोबर राहतेस की इंजिनाबरोबर?" तोंतों म्हणायचे, "त्यांना सांग, इंजिन जास्त ऐकतं." तांतीन चहा मात्र सगळ्यांना द्यायची, शत्रूलाही. ती आणि तोंतों, दोघंही आता नाहीत. आधी ती गेली. तोंतों मुलीकडे फ्रान्सला गेले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात तिकडे वारले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझीही एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर टाळली.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात साखरेला चांगला भाव आला आणि आमच्यासारख्या ऊसवाल्यांच्या घरातही चार पैसे दिसले. मी आणि दादा, माझा थोरला भाऊ, आम्ही भागीत एक जुनी टॅक्सी घेतली. गाडी मी शोधली. क्यूरपीपच्या एका पेन्शनर कारकुनाच्या दारात तीन आठवडे फेऱ्या घालून, त्याच्या बायकोला वांगी नेऊन देऊन, भाव मी पाडला. दादा एकदाही आला नाही. पण थोरला म्हणून परवाना त्याच्या नावावर काढला, आणि परवान्यावर त्याचं नाव म्हणून दारावरही रंगाऱ्याने त्याचंच नाव लिहिलं. मी म्हटलं, दोघांची नावं लिही. दादा म्हणाला, "परवान्यावर जे आहे तेच दारावर. पोलीस विचारतील." पोलिसांचं त्याने कधीपासून मनाला लावून घेतलं, देव जाणे. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

टॅक्सी चालतच होती. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत दादा, दोननंतर मी. किल्ली स्टँडसमोरच्या चिनी दुकानदाराच्या गल्ल्याशी ठेवायची. काही सांगायचं असलं तर वहिनींमार्फत. मला खात्री होती की दादा तेलपाणी बघत नाही. ज्याने गाडी शोधली नाही त्याला तिची काय किंमत? म्हणून मी गाडी ताब्यात घेतली की आधी सीटखालच्या डब्यातून कपभर तेल ओतायचो. अकरा महिने. पुढे पुढे मोकाच्या चढावर मागे निळा धूर दिसायला लागला. बॉनेट उघडलं तर फिल्टरच्या डब्यात तेलाचं थारोळं, श्वासाची नळी आतून चिकट, ब्रेककडे जाणाऱ्या नळीतही तेल. इंजिन तेल पितंय, असं मला वाटलं. मी ओतत राहिलो.

आणि मग माझ्या डोक्यात दुसरा विचार आला. दादा मोठ्या खर्चाला घाबरतो. इंजिन गेलं असं त्याला तोंतोंच्या तोंडून कळलं, तर तो आपली निम्मी भागी पडेल त्या किमतीत सोडून देईल. मग मी इंजिन बांधून घेईन, परवाना बदलून घेईन आणि रंगाऱ्याला बोलावीन. दादाच्या घरात तीन मुलं होती आणि टॅक्सीशिवाय दुसरं साधन नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी मी तोंतोंकडे गेलो.

"तोंतों, एक काम आहे."

"गाडी कुठाय?"

"गाडी दादाकडे आहे. तुम्ही त्याला एवढंच सांगायचं, इंजिन गेलं. रिंगा गेल्या, पिस्टन गेले, सगळं उतरवावं लागेल."

"गेलंय काय?"

"नळीत तेल आहे. फिल्टरमध्ये तेल आहे. निळा धूर आहे. अजून काय पाहिजे?"

"मी विचारलं, गेलंय काय?"

"जाईलच की कधी तरी."

"तुझा दादा पण जाईल कधी तरी," तोंतों म्हणाले. "आजच तेरावं घालू?"

मी म्हटलं, पुढे माझ्या गाड्या वाढतील, सगळं काम तुमच्याकडेच येईल. त्यांनी हातातला पाना पुसला, पेटीत ठेवला आणि म्हणाले, "उद्या तुझ्या पाळीत गाडी आण. नळी काय बोलते ते बघू. तुझं ऐकलं मी."

दुसऱ्या दिवशी गाडी नेली. त्यांनी झाकण उलटं करून ठेवलं. मी त्या झाकणाकडे असा बघत होतो की जणू ते माझ्या बाजूने साक्ष देणार आहे. झाकण हललं नाही. ओढीच्या नळीवर अंगठा ठेवला, जरा वेळ धरला, मान हलवली आणि माझा अंगठा धरून तिथे टेकवला. ओढ घट्ट आणि एकसारखी होती. मग फडकं. नळीतून निघालं ते तेल काळं नव्हतं. मधासारखं पिवळं, स्वच्छ.

"हे तेल अजून कामावर गेलंच नाही रे," तोंतों म्हणाले. "दुकानातून आलं, इंजिनात डोकावलं आणि नळीतून बाहेर पडलं. रिंगा गेल्या असत्या तर काळं आलं असतं, जळक्या वासाचं. पट्टी बघतोस?"

"बघतो," मी म्हटलं. खोटं होतं. त्या अकरा महिन्यांत तेल मोजायची पट्टी मी एकदाही बाहेर काढली नव्हती.

त्यांनी पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"किती ओततोस?"

"कपभर."

"न बघता?"

"बघायचं काय त्यात? दादा घालत नाही, ठाऊक आहे मला."

"त्याने सांगितलं?"

"आम्ही बोलत नाही."

"बोलत नाही, तर ठाऊक कसं?" त्यांनी पट्टी पुसून पुन्हा आत घातली. "हे एका कपाचं काम नाही. रविवारी सकाळी दादाला घेऊन ये."

"सांगितलं ना, आम्ही बोलत नाही."

"मी बोलायला सांगितलं काय? आण म्हटलं."

वहिनींमार्फत निरोप गेला. रविवारी दादा पांढरा शर्ट घालून आला, देवळात जावं तसा. तोंतोंनी गाडी सिमेंटच्या सपाट ओट्यावर घेतली, खालचा बोल्ट सोडला आणि तेल तांतीनच्या जुन्या परातीत काढायला लागले. परात भरली. दुसरं भांडं लावलं. तेही निम्मं झालं. मी आणि दादा दोन बाजूंना उभे, मधे गाडी. तोंतों जमिनीवर बसूनच मला म्हणाले, "केशा, तू किती ओततोस?"

"कपभर. दुपारी."

"आणि तू?" त्यांनी दादाला विचारलं.

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. "कपभर. सकाळी निघताना. हा घालत नाही ना."

तोंतों मागे रेलून हसायला लागले. तांतीन स्वयंपाकघरातून बाहेर आली, काय झालं म्हणून. ते तिला सांगायला लागले, आम्हाला नाही. "अगं, पोर आजारी नाही. दोन चुलींवर जेवतंय. ही चूल त्या चुलीला विचारत नाही, पोर जेवलं काय म्हणून. रोज दोनदा पोटभर. ओकणार नाही तर काय करील?" मग त्यांनी आम्हाला समजावलं. तेल इतकं वर आलं की आतला फिरता दांडा त्याला घुसळतो, फेस करतो. तो फेस श्वासाच्या नळीतून फिल्टरमध्ये, फिल्टरमधून कार्ब्युरेटरमध्ये, आणि तिथून बारीक नळीतही शिरतो. जळतो तेव्हा निळा धूर. धूर बघून आम्ही आणखी ओतणार.

दादा हसला. मी हसलो नाही. मी तोंतोंच्या तोंडाकडे बघत होतो. आता ते सांगतील, असं प्रत्येक क्षणी वाटत होतं. त्यांनी हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "केशा, तुला काही बोलायचंय?"

"नाही."

"बरं."

मग त्यांनी नियम घातला. रोज दुपारी दोनला गाडी त्यांच्या ओट्यावर आणायची. किल्ली दुकानात नाही, इथे द्यायची. पट्टी दोघांसमोर निघायची. एकाने पुसायची, दुसऱ्याने वाचायची. मी विचारलं, किती दिवस. "नळ्या कोरड्या होईपर्यंत." मी म्हटलं आठ दिवस. ते म्हणाले, "मला काय सांगतोस, नळीशी भाव कर."

आता यात एक खोच होती, ती मला पहिल्याच दिवशी कळली. चालून आलेल्या गाडीचं तेल लगेच मोजता येत नाही. ते वरून खाली उतरायला दहा मिनिटं लागतात. म्हणजे रोज दहा मिनिटं आम्हा दोघांना त्या ओट्यावर उभं राहावं लागायचं. मला एका जागी दोन मिनिटं थांबवत नाही. मी येरझाऱ्या घालायचो, घड्याळ बघायचो, टायरला लाथ मारायचो. दादा बाकावर बसून चहा प्यायचा. दहा मिनिटांनी तो पट्टी काढून पुसायचा, परत बुडवायचा आणि माझ्यापुढे धरायचा. "मधोमध," मी म्हणायचो. अकरा महिन्यांनंतर दादाशी बोललेला तो माझा पहिला शब्द. आठवडाभर तेवढा एकच शब्द. मग एक दिवस तो म्हणाला, क्लच जरा वर धरतो. मी म्हटलं, मला माहीत आहे. तो म्हणाला, माहीत होतं तर वहिनीला सांगायचं. मी म्हटलं, वहिनी क्लच नीट करणार आहे का? तांतीन आतून हसली.

नळ्या काही कोरड्या होत नव्हत्या. तोंतों रोज नळीत अंगठा घालायचे आणि दाखवायचे, अजून चिकट आहे. महिना गेला. एकदा मी त्यांचा हात नळीत जायच्या आधीच पकडला. "तोंतों, तुमचा अंगठाच तेलकट आहे." ते म्हणाले, "मेकॅनिकचा अंगठा हाय, भटाचा नाही." दादा म्हणाला, "राहू दे रे केशा. चहा चांगला असतो इथला." त्यानंतर नळ्यांची चौकशी मी सोडली. दोनची वेळ तशीच राहिली, सहा वर्षं.

या सहा वर्षांत माझं बरं चाललं. मी स्वतःची दुसरी गाडी घेतली, मग तिसरी. दोन्हींच्या दारांवर माझं नाव, मोठ्या अक्षरात. पहिल्या गाडीतली भागी मात्र सोडली नाही आणि तिच्या दारावरचं नावही दादाने बदललं नाही. तो राग माझा आजही आहे. पण त्याहून वाईट काहीतरी पोटात होतं. तोंतों आणि दादा ओट्यावर हळू आवाजात बोलताना दिसले की मी लांबूनच हॉर्न वाजवत यायचो. "काय चाललंय?" मी विचारायचो. ते म्हणायचे, पाऊस. ते म्हणायचे, ऊस. मला खरं वाटायचं नाही. मग मी तोंतोंच्या कामात चुका काढायचो. पट्टा सैल बसवला, बोल्ट उलटा घेतला, दुसरा मेकॅनिक स्वस्त आहे. ते म्हणायचे, "जा की त्याच्याकडे." मी जायचो आणि आठवड्याने परत यायचो. ते नळी उपसून नाकाला लावायचे आणि म्हणायचे, "दुसऱ्याच्या हाताचा वास येतोय." बाकी काही नाही. दादाला सांगितलंय असं म्हणाले असते तर एकदा भांडून मोकळा झालो असतो. नाही सांगितलं असं तरी म्हणायचं होतं. दोन्ही नाही.

तांतीन गेल्यावर तोंतों एकटे पडले. फ्रान्समधल्या मुलीने तिकीट पाठवलं. निघायच्या दिवशी त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेलो, त्याच टॅक्सीने. दादा म्हणाला, तू ने. सकाळची वेळ होती. तोंतोंनी कोट घातला होता आणि साबणात साखर घालून हात इतके घासले होते की ते दुसऱ्याच कोणाचे तरी वाटत होते. हात मांडीवर ठेवून ते बसले होते. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. माएबूर्गकडचा समुद्र दिसायला लागला तेव्हा मला धीर धरवेना. अजून फार तर पाव तास होता.

"तोंतों, एक विचारू? तुम्ही दादाला सांगितलंत का?"

"काय?"

"ते. इंजिनाचं. मी तुम्हाला सांगायला आलो होतो ते."

त्यांनी गिअरच्या दांड्याकडे बघितलं. "तिसरा गिअर जरा लवकर टाकतोस तू," ते म्हणाले.

"तोंतों, मी काय विचारतोय."

"ऐकलं रे. मी तर चाललो. मला विचारून आता काय मिळणार तुला? ज्याला विचारायचं तो स्टँडवर बसलाय."

विमानतळावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बॉनेटवर एकदा थाप मारली आणि पेटी उचलून आत गेले. मागे वळून बघितलं नाही. मी चिडलो होतो, म्हणून हातही हलवला नाही. याचं मला आज वाईट वाटतं.

परत सें पिएरला आलो तर दादा स्टँडवर चिनी दुकानाच्या पायरीवर बसला होता. गाडी बंद केली. काचा खाली होत्या, मी आतूनच बोलायला लागलो. उतरलो असतो तर बोललो नसतो. सगळं सांगितलं. इंजिन गेलं असं तोंतोंच्या तोंडून वदवायला गेलो होतो, तुझी भागी स्वस्तात काढायची होती, तुझी तीन पोरं मला दिसत होती तरी गेलो होतो. दादा खाली बघत ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "मला ठाऊक हाय ते."

"तोंतोंनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? मलाच कळलं. घेण्याच्या आधी तू मालाला नावं ठेवतोस. भाजीच्या पाटीपासून बघतोय मी. त्या साली तू वहिनीजवळ रोज म्हणायचास, गाडीत राम नाही, गाडीत राम नाही. मी समजलो. त्या रविवारी तू लवकर निघून गेलास, तेव्हा मी तोंतोंना सांगितलं पण, केशाला इंजिन मारायचंय."

"मग? ते काय म्हणाले?"

"म्हणाले, मारायचं असतं तर रोज कपभर तेल कशाला घातलं असतं? म्हणाले, भागी तोडू नको, थांब."

म्हणजे तोंतोंना ठाऊक होतं की दादाला ठाऊक आहे. सहा वर्षं. रोज दुपारी त्या ओट्यावर मी भीतीने येरझाऱ्या घालत होतो आणि ते दोघं बाकावर बसून चहा पीत होते. माझं डोकं असं तापलं की दादा पुढे काय म्हणाला ते मी ऐकलंही नाही. किल्ली फिरवली, गाडी जागच्या जागी वळवली आणि भांडायला सरळ तोंतोंच्या घराकडे सुटलो. काय काय बोलायचं ते रस्त्यात ठरवत गेलो. फाटकाशी थांबलो आणि हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. शेजारची म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "कोणाला बोलावतोस रे? आज सकाळी तूच तर नेलंस त्यांना."